पिंपळखुटे बाईंचा फेर

पिंपळखुटे बाई माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. नवीन माणूस समोर आला की त्यांची नजर आधी खाली जायची, पायांवर, आणि बराच वेळ तिथेच राहायची. आपण चपला उलट्या तर घातल्या नाहीत ना, असं समोरच्याला वाटायला लागायचं. मग त्या मान वर करायच्या आणि असं काहीतरी बोलायच्या की ते आयुष्यभर लक्षात राहावं. बहुतेक वेळा ते वाईटच असायचं.

त्या अमरावतीला भावाकडे वारल्या, हे मला माझ्या डी.एड.च्या वर्गातल्या शकुंतलेने सांगितलं. सांगताना ती रडत होती. मी रडले नाही. पुढे विद्यालयातल्या जुन्या मुलींनी त्यांच्या आठवणी एकत्र करायचं ठरवलं, तेव्हा मला निरोप आला, ‘जरा मायेनं लिही.’ ते काही मला जमणार नाही. मला त्या आवडत नव्हत्या. आजही आवडत नाहीत. पण मला शिकवणाऱ्या सगळ्या शिक्षकांमध्ये मी सर्वात जास्त विचार कुणाचा केला असेल तर तो त्यांचाच. आवडत्या शिक्षकांचा एवढा विचार करावा लागत नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नागपुरातल्या एका खाजगी अध्यापिका विद्यालयात मी डी.एड. करत होते. वडील गिरणीत विणकाम खात्यात होते. छप्पन साली आमच्या घराने धम्म स्वीकारला तेव्हा मी मांडीवरची होते. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीतून मी सायकलने विद्यालयात यायची. वर्गातल्या बहुतेक मुली काटोल, सावनेर, उमरेडकडच्या शेतकरी घरांतल्या होत्या आणि वसतिगृहात राहायच्या. आम्हा सगळ्यांना मास्तरीण व्हायचं होतं आणि वेळापत्रकात ‘संगीत’ असा एक तास होता. पोरांना दोन बालगीतं शिकवता यावीत, पेटीवर प्रार्थना वाजवता यावी, एवढंच त्यात असेल अशी आमची समजूत.

पहिल्याच तासाला पिंपळखुटे बाईंनी आम्हाला सभागृहात अनवाणी उभं केलं. बुटक्या, वय पंचेचाळीसच्या पुढे, सुती पातळाचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, हातात एक लाकडी टिपरी. लग्न केलेलं नव्हतं. आई आणि त्या, दोघीच राहायच्या. रांगेसमोरून चालत त्या एकेकीचे पाय बघत होत्या.

“तू अजून गावाची माती सोडलेली नाहीस,” त्या शकुंतला गावंडेला म्हणाल्या. शकुंतला काटोलजवळच्या संत्र्याच्या बागाईतदाराची मुलगी. तिला ते कौतुक वाटलं.

माझ्यापुढे त्या थांबल्या. “तू उभी नाहीस,” त्या म्हणाल्या, “तू निघालेली आहेस. कुठे पळायचंय?”

मी पाय मागे घेतला. मग त्यांनी नाव विचारलं. ‘कुसुम मेश्राम’ म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम दयाळू झाला. तो दयाळूपणा मी ओळखायची. शाळेत असल्यापासून ओळखायची.

“मग तुमच्या घरी ढोलकी असेलच.”

“नाही.”

“खंजिरी?”

“आमच्याकडे पेपर येतो,” मी म्हटलं.

मुली हसल्या. बाई हसल्या नाहीत. टिपरी तळहातावर आपटत त्या म्हणाल्या, “बरं. म्हणजे राग आहे. असू दे, कामाला येईल.”

त्या दिवसापासून आमचं जमलं नाही ते नाहीच.

त्यांच्या तासाला गाणी कमी आणि चालणं जास्त. “आज राग,” असं त्या आल्या आल्या जाहीर करायच्या. कधी “आज भीती.” कधी “आज तुम्हाला कुणीतरी टाळतंय.” त्या टिपरीने टेबलावर ठेका धरायच्या आणि आम्ही तो राग घेऊन सभागृहात गोल चालायचं. मध्येच ठेका थांबला की जिथे असू तिथे दगडासारखं उभं राहायचं आणि आपला राग अंगात कुठे बसलाय ते शोधायचं. जबड्यात, मुठीत की टाचेत? मग तोच राग चार मात्रांत बांधून पाऊल टाकायचं. राग कमी करायचा नाही, लपवायचा नाही, फक्त तालात धरायचा.

“हा राग घेऊन तू उद्या चाळीस पोरांसमोर उभी राहणार,” त्या म्हणायच्या. “तो कुठे आहे हे तुला ठाऊक नसलं, तर तो पोराच्या गालावर सापडेल.”

वाक्य खरं होतं. त्या काळात मास्तरांचा हात पोरांच्या गालापासून फार लांब नसायचा. पण खरं बोलणाऱ्या माणसाला वाटतं, आपल्याला आता काहीही माफ आहे. विमल नावाची एक अबोल मुलगी होती, उमरेडकडची. दिवाळीच्या सुट्टीत तिची आई गेली. परत आल्यावर पहिल्याच तासाला बाईंनी ‘दुःख’ घेतलं. विमल दोन पावलं चालली आणि मटकन खाली बसून हुंदके द्यायला लागली. आम्ही धावलो. बाईंनी टिपरी आपटून आम्हाला मागे सारलं.

“रडू दे तिला. रड विमल. पण तालात रड.”

आणि त्या ठेका वाजवत राहिल्या. सावकाश, तिच्या हुंदक्यांच्या मागोमाग. बऱ्याच वेळाने विमलचा श्वास त्या ठेक्यावर आला आणि ती उठून चालायला लागली. त्या रात्री महिन्यात पहिल्यांदा तिला झोप लागली, असं ती नंतर सांगायची. पण त्या दुपारी आम्हाला ते कसं कळावं? वसतिगृहात त्या रात्री सगळ्या जणी एकमुखाने म्हणाल्या, ही बाई माणूस नाही, लाकूड आहे. ‘टिपरी’ हे नाव तेव्हाच पडलं. बाईंना ते माहीत होतं. फळ्यावर कुणीतरी टिपरीचं चित्र काढून खाली त्यांचं आडनाव लिहिलं होतं, तर त्यांनी ते न पुसता तास घेतला आणि जाताना म्हणाल्या, “चित्र काढणारीला ठेका कळत नाही. टिपऱ्या दोन असतात.”

मग फेराचे दिवस आले.

फेर म्हणजे हातात हात धरून गोल नाचायचं, गाणं म्हणत. लहान पोरांचा वर्ग एकत्र आणायचा तर याच्यासारखं दुसरं काही नाही, असं बाईंचं मत. फेर धरला की माझ्या दोन्ही बाजूंना जागा व्हायची. एका बाजूची जागा विमल भरायची. दुसऱ्या बाजूला, उंचीप्रमाणे, शकुंतला यायची. पहिल्याच दिवशी तिने हात पुढे केला नाही, पदराचं टोक पुढे केलं. मी ते धरलं. नुसतं बघणाऱ्याला फेर पुरा दिसायचा. आमच्या दोघींमध्ये वीतभर लुगडं होतं एवढंच. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण नवीनही काही वाटलं नाही. वडिलांनी मला विद्यालयात पाठवताना सांगितलं होतं, “तुले सर्टिफिकेट पायजे, कोणाचा हात नाही पायजे.” मी पदर धरून नाचत होते आणि सर्टिफिकेटाकडे बघत होते.

एका तासाला बाईंनी ठेका मध्येच तोडला.

“हा पदर काय आहे?”

सगळा फेर थबकला. बाई आमच्या दोघींसमोर आल्या. शकुंतलेने पदर सोडला, पण उशीर झाला होता.

“किती दिवस चाललंय हे?”

शकुंतलेने पदर खांद्यावर ओढून घेतला.

“शकुंतला, तिचा हात धर.”

शकुंतलेचा चेहरा पांढरा पडला. “बाई, मले घरी बोलतील.”

“घरी कोण सांगणार?”

“कोणी बी सांगल. आमच्या गावच्या दोघी आहेत होस्टेलवर.”

“मग घरी सांगायला काहीतरी होऊ दे. हात धर. ती धरेपर्यंत कुणी बसायचं नाही.”

आणि खरंच कुणी बसलं नाही. मुली उभ्या राहून कंटाळल्या, कुजबुजल्या, पाय बदलले. कुणी शकुंतलेकडे बघत होतं, पण जास्त जणी माझ्याकडे बघत होत्या. मी तिथे नसते तर त्या कधीच जेवायला गेल्या असत्या. बाई टिपरी हातात धरून भिंतीला टेकल्या होत्या, न्यायाधीशासारख्या. तास संपल्याची घंटा व्हायला आली तेव्हा शकुंतलेने दोन बोटं पुढे केली आणि माझ्या करंगळीला लावली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गटारात पडलेली वस्तू उचलावी तसा तिचा चेहरा.

“झालं,” बाई म्हणाल्या. “काही मेली नाहीस ना?”

माझा हात म्हणजे त्या वर्गाची शिक्षा झाली होती. आजवर विमल सोडून मला कुणी हात दिला नव्हता, हे मला माहीत होतं आणि ज्यांनी दिला नव्हता त्यांना माहीत होतं. आता ते चाळीस जणींनी तासभर उभं राहून बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना व्हरांड्यात गाठलं. मी ठरवून गेले होते, प्रमाण भाषेत, सौम्यपणे बोलायचं. “बाई, मला जरा बोलायचं होतं,” इतपत ते टिकलं. मग रागात घरची बोली बाहेर आली.

“तुम्ही मले काहून उभं केलं तिथं? मी म्हटलं होतं का तुम्हाले, माझा हात धरून द्या म्हणून? पदर त्याहून बरा होता. पदरात ती रडत तरी नव्हती.”

बाई माझ्या पायांकडे बघत होत्या. मला आणखी संताप आला.

“खाली नका पाहू. इकडं पाहा.”

त्यांनी मान वर केली. आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क आनंद होता.

“आता खरा आवाज निघाला,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून मी याचीच वाट बघत होते. उद्या वर्गात असंच बोल.”

मला वाटलं, यांच्या हातातली टिपरी घ्यावी आणि यांच्याच डोक्यात घालावी. मी यांच्यावर ओरडत होते आणि यांना त्यात स्वतःचं यश दिसत होतं.

“मी तुमचा धडा नाही,” मी म्हटलं. “आणि तुम्ही स्वतः कधी येता का फेरात? तुम्ही नेहमी बाहेर. टिपरी घेऊन बाहेर उभं राहायले काय लागते?”

त्यांची नजर हातातल्या टिपरीवर गेली. मी सायकल काढून घरी आले. वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ विडी ओढली आणि म्हणाले, “बाई वाईट नाही. पण तिले वाटते, रोग दाखवला म्हणजे दवा झाली.”

पुढच्या तासाला फेर उभा राहिला तेव्हा बाईंनी टिपरी टेबलावर ठेवली. विमलला पेटीवर बसवलं. आणि पदर खोचून त्या आत आल्या, थेट माझ्या आणि शकुंतलेच्या मध्ये. सगळ्या मुली बघायला लागल्या. विमलने सूर धरला आणि आम्ही फिरायला लागलो. बाई सुरेख नाचत होत्या, हे कबूल केलं पाहिजे. त्या वयातही पाऊल कापसासारखं पडत होतं.

दोन फेऱ्या झाल्या आणि मला कळलं. मी थांबले. माझ्यामुळे सगळा फेर थांबला.

“काय झालं?” बाई म्हणाल्या.

“बाई, शकुंतलेचा तुम्ही हात धरलाय,” मी म्हटलं. “माझं मनगट.”

त्यांनी खाली पाहिलं. डाव्या हातात शकुंतलेचा पंजा होता, बोटांत बोटं घालून. उजव्या हाताने माझं मनगट धरलं होतं, बांगडीच्या वर, पोलिसाने धरावं तसं. विमलची पेटी थांबली. बाई त्या हाताकडे असं बघत होत्या, जणू तो दुसऱ्याच कुणाचा हात आहे.

“खरं आहे,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी दोन्ही हात सोडले, टिपरी उचलली आणि सभागृहातून बाहेर गेल्या. तास संपायला बराच वेळ होता. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

पुढच्या वेळी त्या आल्या त्या बसल्याच नाहीत. दारातूनच बोलल्या. “आमच्या घरी कामवालीला पोळी वरून टाकतात. आई टाकते, मीही टाकते. मी स्वतःला त्यातली समजत नव्हते. माझ्या हाताला विचारलंच नव्हतं कधी.” काही मुलींचे डोळे भरून आले. माझे आले नाहीत. चूक त्यांची, मनगट माझं, आणि तेव्हाही सगळ्या जणी बघत होत्या त्यांच्याचकडे.

“कुसुम, आता काय करायचं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “ज्याला धरायचा त्यानं धरावा. नाही त्यानं धरू नये. बाकीच्यांना उभं करू नका.”

त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून फेर हात न धरता झाला. प्रत्येकीने आपापल्या टाळीवर फिरायचं, समेला शेजारणीकडे वळायचं. वळून टाळी द्यायची की नुसती मान लववायची, ते ज्याचं त्याने ठरवायचं. कुणी काय केलं याकडे बाई बघायच्या, पण बोलायच्या नाहीत. न बोलण्याचा त्यांना किती त्रास होतोय, हे बघून मला बरं वाटायचं.

शकुंतलेने टाळी द्यायला वेळ घेतला. पण त्याआधी एक गोष्ट झाली. सराव पाठासाठी आम्हाला जवळच्या प्राथमिक शाळेत पाठवलं होतं. शकुंतला तिसरीच्या वर्गावर आणि मी मागच्या बाकावर, तिचा पाठ बघायला. वर्ग भयंकर. एक मुलगा बाकावर चढून कोंबड्यासारखा आरवत होता आणि बाकीचे त्याला साथ देत होते. शकुंतला त्याच्याकडे निघाली. हात वर गेलाच होता. मध्येच ती थांबली. उजवा पाय जमिनीवर आपटला. एक. पुन्हा. पुन्हा. चौथ्यांदा तिने टाळी वाजवली. पोरं गप्प झाली, भीतीने नव्हे, नवलाने. तिने परत तेच केलं. पुढच्या रांगेने पाय आपटला. मग सगळ्या वर्गाने. तो कोंबडासुद्धा बाकावरून उतरून पाय आपटायला लागला, आणि शकुंतला घामाघूम होऊन हसायला लागली.

परतताना ती माझ्याशेजारी चालत होती. सायकल माझ्या हातात होती.

“मी त्या पोराले मारणारच होती वं, कुसुम.”

“माहीत आहे. तुझे पाय सांगत होते,” मी म्हटलं आणि जीभ चावली. हे त्यांचं वाक्य होतं.

शकुंतला खूप हसली. मग चालता चालता म्हणाली, “त्या दिवशी मी रडली ते तुह्या हातासाठी नाही रडली. माह्या बापाच्या भेवानं रडली.”

“मला कसं कळणार?”

“कसं कळल? मले तरी कुठं कळलं होतं.”

आमची मैत्री झाली ती तिथून. बाईंमुळे नव्हे, असं मी तेव्हा म्हणायची. शकुंतला नुसती बघायची माझ्याकडे.

गावात मात्र बातमी पोचली होती. एका सोमवारी शकुंतलेचे काका आणि आणखी चार पालक मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे, येऊन बसले. “आमी पोरीले मास्तरीन व्हायले धाडलं,” काका मोठ्याने म्हणाले, बाहेर आम्हाला ऐकू येत होतं. “तुमी तिले नाचवून राहिले. लगन कोन करन तिच्याशी?” नाच, नाच, नाच, एवढंच चाललं होतं. हाताविषयी कुणीच उघड बोलत नव्हतं. तो शब्द तोंडातून काढायची लाज वाटत होती, म्हणून सगळा दोष नाचावर.

संस्थेची समिती बसली. अध्यक्ष वकील होते, आवाज साखरेसारखा. मुलींना एकेक करून आत बोलावलं. बऱ्याच जणींनी सांगितलं की बाई कठोर आहेत, उभं करतात, रडवतात. ते खोटं नव्हतं. मला बोलावलं तेव्हा बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या, हात मांडीवर, टिपरीशिवाय. त्यांना तसं मी पहिल्यांदाच पाहिलं.

“बस, मुली,” अध्यक्ष म्हणाले. “तुझ्यावर या बाईंनी जबरदस्ती केली असं आम्ही ऐकतो. सगळ्यांसमोर तुझा अपमान झाला. घाबरू नकोस. तुझ्यासारख्या मुलीची तक्रार आली, तर आम्हाला कठोर पाऊल उचलता येईल.”

आत्ता त्यांना माझी गरज होती. नाच आवडला नाही म्हणून बाईंना काढलं तर चार लोक हसले असते. पण मेश्रामांच्या मुलीचा अपमान केला म्हणून काढलं, तर संस्था सुधारक ठरली असती.

“तक्रार आहे,” मी म्हटलं. वकील साहेबांनी पेन उचललं. “पण ती मी त्यांच्या तोंडावर सांगितली आहे. तुम्हाला सांगायची नाही.”

“म्हणजे तक्रार आहे, हे तू मान्य करतेस.”

“आहे. पण तुमची आणि माझी तक्रार एक नाही. त्यांनी हात धरायला लावला याचा तुम्हाला राग आहे. मला तो कसा धरला याचा आहे.”

पेन खाली ठेवलं गेलं. मोठ्या बाईंनी मला जायला सांगितलं. बाईंनी मान वर केली नाही. मी त्यांच्यासाठी बोलले नव्हते, हे त्यांना कळलं असावं अशी माझी इच्छा होती.

समितीचा निर्णय असा झाला की संगीत चालू राहील, पण यापुढे मुलींनी बसून गावं. बाईंनी एक तास तसा घेतला. आम्ही सतरंजीवर मांडी घालून प्रार्थना म्हटली आणि त्या पेटीमागे बसून खिडकीबाहेर बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, “बसून मला काही येत नाही.” राजीनामा तिथेच दिला.

निरोप समारंभ मात्र झाला. आपल्याकडे माणसाला घालवलं तरी हार घालून घालवतात. शाल, नारळ, गुच्छ. अध्यक्ष स्वतः आले होते आणि ‘त्यांची पोकळी भरून निघणार नाही’ असं म्हणाले. मराठीच्या बाईंनी एक निरोपगीत रचलं होतं. आम्ही सगळ्या जणी रांगेत उभ्या राहून ते म्हणायला लागलो. तुमच्याविना सुनी झाली शाळा, असं काहीतरी होतं. ज्यांनी समितीपुढे सगळ्यात जास्त सांगितलं होतं, त्यांचा आवाज सगळ्यात वर लागला होता.

पहिलं कडवं संपायच्या आत बाईंनी हात वर केला.

“थांबा.”

सगळे थांबले. बाई खुर्चीवरून उठल्या. गळ्यातला हार त्यांनी काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

“मी नकोशी होते हे मला ठाऊक आहे. त्यात काही वाईट नाही, मी काही गोड बाई नाही. पण उद्या तुम्ही पोरांसमोर उभ्या राहणार. मनात नसलेलं गायला तुम्ही इथून शिकून जाऊ नका. ज्यांना मनापासून म्हणायचंय त्यांनी म्हणावं. बाकीच्यांनी गप्प राहावं. मला राग येणार नाही.”

मोठ्या बाई खुर्चीत चुळबुळल्या. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. पेटी पुन्हा सुरू झाली. गाणं निघालं ते इतकं बारीक की दारातला शिपाई वाकून बघायला लागला. विमल गात होती. शकुंतला गात होती, नेहमीसारखी बेसूर, काका तिला न्यायला बाहेर येऊन उभे होते तरीही. आणखी पाचसहा जणी. बाकीची सगळी रांग तोंड मिटून उभी. त्या मिटलेल्या रांगेत मी होते.

गाणं पूर्ण झालं. टाळ्या कुणी वाजवायच्या हे कुणालाच कळलं नाही.

बाहेर फाटकाशी सायकलरिक्षा उभी होती. बाई शाल आणि नारळ पिशवीत कोंबून निघाल्या. मी सायकल काढत होते. त्या माझ्याजवळ थांबल्या.

“तू गायली नाहीस.”

“नाही.”

“का?”

“तुम्हीच सांगितलं.”

“समितीत तर बोललीस माझ्या बाजूने.”

“तुमच्या बाजूने नाही बोलले.”

त्या हसल्या. मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं. पुढचे दात जरा वाकडे होते.

“या विद्यालयात मला एवढी एकच गोष्ट शिकवायची होती,” त्या रिक्षात चढत म्हणाल्या, “आणि जिला आली तिला ती आधीपासूनच येत होती.”

मी तोंड उघडलं. काहीतरी खरमरीत बोलायचं होतं, अगदी जिभेवर होतं. तेवढ्यात रिक्षावाल्याने पायडल मारलं. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत मी ते वाक्य मनात घोळवत होते आणि चडफडत होते. आमच्यातलं शेवटचं वाक्य माझं असायला हवं होतं.